दूध उतू जाईपर्यंत

आषाढातली गोष्ट आहे. गोष्ट म्हणजे काही फार घडलं असं नाही, दूध उतू गेलं एवढंच. पण तीन महिने झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहायला बसले. त्या रात्री ॲसिडिटीनं झोप नीट लागली नव्हती, सव्वासहाला पाणी प्यायला उठले तर किचनमध्ये ती आधीच आलेली. ती म्हणजे आमच्या पोळ्यांच्या मावशींची सून, मावशींचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीच येते. सासूबाई पाचलाच उठतात, त्या तिला दार उघडून देतात आणि परत खोलीत जाऊन जपाला बसतात. तिनं ट्यूब लावली नव्हती. बाहेर पाऊस, खिडकीतून येणारा तो धड सकाळही नाही असा राखाडी उजेड, गॅसवर दुधाचं पातेलं. सिंकच्या मागच्या टाइल्सवरून मुंग्यांची रांग चालली होती, तिनं मगभर पाणी घेतलं आणि वरून रांगेवर सोडलं, सावकाश, झाडाला घालतात तसं. मग स्टुलावर बसली. किचनचं दार वाऱ्यानं हलत होतं, ते आपटून कुणी उठू नये म्हणून तिनं बसल्या बसल्याच पाय लांब केला आणि अंगठ्यानं दार ढकललं. नीट लागलं नाही, थोडी फट राहिली. त्या फटीच्या अलीकडं पॅसेजमध्ये मी उभी होते.

मग ती काहीच करत नव्हती. हात मांडीवर, तोंड गॅसकडं. दुधाकडं बघत होती पण दूध बघत नव्हती, कळतंय ना कसं ते. मला मात्र सगळं दिसत होतं. आधी कडेनं बुडबुडे आले, मग साय मधूनच फुगली, मग अख्खं दूधच वर चढायला लागलं. "अगं दूध" म्हणायचं होतं फक्त, दोन शब्द. नाही म्हणाले. कारण माझ्या डोक्यात तेव्हा भलतंच काहीतरी चाललं होतं, की हे मी बघितलंय, अगदी हेच, मुंग्या, पाणी, पायाच्या अंगठ्यानं दार ढकलणारी पोरगी, हा सीन मला पाठ आहे, आणि तो तुटू नये असं वाटत होतं.

दूध उतू गेलं.

ती दचकून उठली, चर्रर्र आवाज, तो जळका गोडसर वास, गॅस विझलेला. वळली तर दारात मी. "सॉरी काकू, लक्षच नव्हतं." "असू दे गं, होतं असं कधीकधी," मी म्हणाले, तेही असं मोठ्या मनानं. मग तिनं बर्नर काढला, तारेच्या घासणीनं घासला, ओटा पुसला, ट्रॉलीच्या कडेत ओघळलेलं दूध फडक्याच्या टोकानं काढत बसली. वीस मिनिटं गेली त्यात. पुढच्या घरी उशीर झाला म्हणून तिथं बोलणी खाल्ली असणार. आणि मी डायनिंग टेबलाशी बसून उरलेल्या दुधाचा चहा प्यायले.

सिनेमा कुठला ते ओळखलंच असेल काहींनी. 'उंबेर्तो डी', १९५२ चा इटालियन सिनेमा, दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका. मी पहिल्यांदा बघितला तो कॉलेजात असताना, लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हच्या थिएटरात, आणि खरं सांगायचं तर कंटाळले होते. आम्हा मैत्रिणींना याच डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ज'नं रडवलं होतं आदल्या महिन्यात, तर आता याही वेळी रडायला मिळणार अशा तयारीनं रुमाल घेऊन गेलो होतो. पण यात एक पेन्शनर म्हातारा, त्याचं कुत्रं, घरभाडं थकलेलं, घरमालकीण हाकलायला टपलेली, आणि मधेच तो सीन. त्या घरातली कामवाली पोरगी, मारिया, पॅसेजमधल्या आपल्या पलंगावर जागी होते. वरच्या काचेवरून मांजर चाललंय ते बघत पडून राहते. उठते, किचनमध्ये येते, भिंतीवर काडी ओढते, परत ओढते, गॅस पेटतो. मुंग्यांवर पाणी सोडते. कॉफी दळायचं ते हातातलं यंत्र मांड्यांत धरून खुर्चीवर बसते, दळता दळता पाय लांब करून अंगठ्यानं दार लावायला बघते, आणि तेवढ्यात आपल्याला कळतं की तिच्या डोळ्यात पाणी आहे. ती गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, दोन सोल्जरांपैकी बाप कोण ते तिलाही नक्की माहीत नाही. पण हे सगळं त्या सीनमध्ये कुणी बोलत नाही. कुणी बोलतच नाही. पोरगी उठली आणि कॉफी दळली. बस. आमच्यातली एक जण कानात म्हणाली, "एडिटर झोपला का गं?" आणि आम्ही खिदळलो, पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्यानं वळून बघितलं.

चेझारे झावात्तिनी म्हणून त्याचा लेखक होता, डी सिकाचे सगळे मोठे सिनेमे त्याच्याबरोबरचे, आणि त्या झावात्तिनीचं स्वप्न असं होतं की ज्याच्या आयुष्यात काहीच घडत नाही अशा माणसाच्या आयुष्यातली सलग नव्वद मिनिटं पडद्यावर दाखवायची. तेवढं काही जमलं नाही, प्रोड्यूसर कोण मिळणार त्याला, पण मारियाची सकाळ हा त्या स्वप्नाचा एक तुकडा आहे. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकानं त्या सीनवर जे लिहिलंय ते फिल्मवाले अजून शिकवतात. मला ते सगळं नंतर कळलं. बाझँ वाचून नाही कळलं हां. लग्न झाल्यावर, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंधाऱ्या किचनमध्ये एकटीनं उभं राहायला लागल्यावर. वीस-पंचवीस मिनिटं असतात ती, ज्यात तुम्ही कुणाचीच कुणी नसता, हात आपोआप कामं करत असतात आणि मन कुठल्या कुठं गेलेलं असतं, आणि ते कुणाला कधी दिसत नाही कारण बाकीचे उठतात तोपर्यंत तुम्ही चेहरा लावलेला असतो. हे त्या डी सिकाला कसं माहीत होतं? हा प्रश्न मला खरंच पडायचा. कारण किचनमध्ये पहाटे उभा राहणारा इसम तो नव्हे.

तो कोण होता ते बघा ना. आपल्याला डी सिका म्हटलं की सायकल आणि गरिबी आठवते, पण इटलीतल्या बायकांना तिशीच्या दशकात डी सिका म्हटलं की पांढरे दात, चोपून बसवलेले केस आणि गाणं आठवायचं. १९०१ चा जन्म, सोरा नावाच्या छोट्या गावात, वडील बँकेत क्लार्क, लहानपण बरंचसं नेपल्समध्ये. विशीत नाटकात शिरला, १९३२ साली एका कॉमेडीत ड्रायव्हरचं काम केलं, त्यात मारियू नावाच्या मुलीसाठी एक गाणं म्हटलं आणि एका रात्रीत चॉकलेट हिरो झाला. पुढं दहा वर्षं हेच, हलकेफुलके रोल, रेकॉर्डी, मागे पोरी. चाळिशी आली तेव्हा कॅमेऱ्यामागे गेला. म्हणजे १९४६ साली 'शूशाइन'मध्ये रोमच्या रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांना ज्यानं असं दाखवलं की ऑस्करवाल्यांना परदेशी सिनेमासाठी मुद्दाम बक्षीस काढावं लागलं, तो माणूस स्वतः उत्तम शिवलेल्या सुटात सेटवर यायचा. फोटो आहेत. रस्त्यातल्या धुळीत उभा, आजूबाजूला फाटकी पोरं, आणि हा असा टायबिय बांधून, कुठल्यातरी लग्नाला निघालाय असा.

आणि जुगारी. साधासुधा नाही, कॅसिनोत रात्र रात्र बसणारा, कमावलेलं सगळं टेबलावर ठेवून उठणारा. दीडशेच्या वर सिनेमांत ॲक्टिंग केलं त्यानं, त्यातले कित्येक टुकार, केवळ पैशासाठी, आणि ते पैसे अर्धे स्वतःच्या सिनेमात गेले आणि अर्धे जुगारात, अर्धे म्हणजे आपलं म्हणायचं, हिशेब कुणी ठेवलाय. १९५४ च्या 'गोल्ड ऑफ नेपल्स'मध्ये त्यानं स्वतःच एक काम केलंय, कफल्लक जुगारी काउंट. बायकोनं पैशाच्या नाड्या आवळल्यात, कुणी खेळायला घेत नाही, तर हा बिल्डिंगच्या वॉचमनच्या सात-आठ वर्षांच्या पोराला धरून आणतो आणि पत्ते खेळायला बसवतो. पोराला खाली जाऊन मित्रांत खेळायचंय, तो जांभया देतोय, काउंट घामाघूम होऊन पैजेवर पैज लावतोय, आणि दरवेळी हरतोय. मी हा भाग कितीदा बघितला असेल, हसून हसून पोट दुखतं आणि मग एका क्षणी हसू थांबतं कारण दिसतं की हा स्वतःबद्दलच सांगतोय, एवढं उघडं, आणि आपण बघत असल्याची त्याला पुरेपूर जाणीव आहे.

घरं दोन होती. पहिली बायको जुदित्ता रिस्सोने, नाटकातली नटी, तिच्यापासून एक मुलगी. मग १९४२ च्या सुमारास मारिया मेर्कादेर, स्पॅनिश नटी, तिच्यापासून दोन मुलं. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो आला १९७० मध्ये. याला मेक्सिकोत जाऊन घटस्फोट घ्यावा लागला, तो इटलीनं मानला नाही, शेवटी फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं आणि १९६८ साली पॅरिसमध्ये लग्न लावलं, तोपर्यंत मुलं कॉलेजच्या वयाची झाली होती. मधली पंचवीस वर्षं दोन्हीकडं. असं सांगतात की एकतीस डिसेंबरला एका घरातलं घड्याळ दोन तास मागे करून ठेवायचा, म्हणजे इकडं बारा वाजता ग्लास उंचावायचा आणि मग गाडी काढून तिकडं जाऊन पुन्हा बारा वाजवायचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, किती गोड वगैरे. आता येत नाही. आता मला ते घड्याळ ज्या घरात मागं केलेलं असायचं त्या घरातला उशिरा उकळणारा रस्सा दिसतो, पेंगुळलेली मुलं दिसतात. आणि तरीही, हाच तो माणूस, याचंही काही करता येत नाही. ज्याला दोन्ही घरच्यांचे चेहरे पडलेले बघवायचे नाहीत, तोच सिनेमातल्या मारियाचा चेहरा इतका वेळ बघू शकतो. की उलट आहे? खोटं बोलणाऱ्यालाच समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बारीकातला बारीक फरक कळतो म्हणतात. असेल.

दुधाच्या प्रकरणानंतर मला सारखी आठवत राहिली ती सिगारेटच्या थोटकांची गोष्ट. 'बायसिकल थीव्ज'मधला ब्रूनो, तो बापामागं दुडक्या चालीनं पळणारा पोरगा, एन्झो स्तायोला, आठेक वर्षांचा होता. त्याला रडायचं होतं आणि रडू येईना. तर डी सिकानं त्याच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि मग सगळ्यांदेखत काढून दाखवली, काय रे, रस्त्यावरची थोटकं गोळा करतोस होय. युद्धानंतरच्या रोममध्ये थोटकं वेचणारी पोरं म्हणजे अगदी शेवटची पायरी. पोरगं अपमानानं रडलं. कॅमेरा चालू होताच. आपण जगभर सत्तर-पंचाहत्तर वर्षं ज्या रडण्यावर रडतोय ते हे रडणं. गंमत म्हणजे डी सिकानं हे लपवलं नाही, तो मिटक्या मारत सांगायचा, एत्तोरे स्कोलाच्या १९७४ च्या सिनेमात तर हा किस्सा एका पात्राच्या टीव्हीवरच्या क्विझमध्ये येतो आणि डी सिका स्वतः पडद्यावर येऊन सांगतो.

म्हणजे त्यानं दूध उतू जाऊ दिलं.

आणि 'बायसिकल थीव्ज'मधल्या बापाचं काम करणाऱ्याचं काय झालं. लाम्बेर्तो माज्जोरानी, कारखान्यातला कामगार, ॲक्टिंगचा गंध नाही. हॉलिवूडचा प्रोड्यूसर सेल्झनिक पैसे घालायला तयार होता, अट एकच, हिरो कॅरी ग्रँट. कॅरी ग्रँट भिंतीला पोस्टर चिकटवतोय, डोळ्यासमोर आणून बघा जरा. डी सिकानं नकार दिला, इकडून तिकडून पैसे जमवले आणि या कामगाराला उभा केला. १९५२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमा-नियतकालिकानं पहिल्यांदा जगभरच्या समीक्षकांना विचारलं की सगळ्यात भारी सिनेमा कोणता, तर पहिला नंबर याचा. आणि तो कामगार? कारखान्यात परत गेला, थोड्याच दिवसांत कपातीत नोकरी गेली. सगळ्यांना वाटायचं हा आता फिल्मस्टार, याला काय गरज. सिनेमात पुढं फुटकळ कामं मिळाली, ओढाताण संपली नाही. बेकार माणसाचं काम करून बेकार झालेला माणूस. याचा दोष डी सिकाला द्यायचा का? मला देता येत नाही पूर्ण. पण पडद्यावर त्याचा तो चेहरा दिसला की आता मला त्याच्या पुढचं सगळं दिसतं, आणि सिनेमा संपला तरी ते संपत नाही.

दुसऱ्या बाजूला हेही आहे की १९४४ साली रोम जर्मनांच्या ताब्यात असताना याच माणसानं व्हॅटिकनच्या पैशावर लोरेतोच्या यात्रेकरूंवरचा एक सिनेमा काढला, एका मोठ्या चर्चमध्ये शूटिंग चाललेलं, आणि ते तो मुद्दाम लांबवत राहिला, आज हे राहिलं, उद्या ते राहिलं, कारण शूटिंग चालू आहे तोवर एक्स्ट्रा म्हणून आत घेतलेली माणसं, ज्यू होते त्यात, बाहेरच्या धरपकडीपासून सुरक्षित होती. जूनमध्ये दोस्तांचं सैन्य शहरात येईपर्यंत ते रेटलं. कॅमेरा कधी कधी असाही चालू ठेवतात.

'उंबेर्तो डी' इटलीत पडला. साफ पडला. लोकांना आता गरिबी बघायचा कंटाळा आला होता, हातात चार पैसे यायला लागले होते, नवे रेडिओ, नव्या स्कूटर. आणि सरकारला तर राग आलाच. तेव्हा सिनेमा खातं ज्यांच्याकडं होतं ते जुलिओ आंद्रेओत्ती, पुढं कितीदा तरी पंतप्रधान झाले ते, त्यांनी जाहीर पत्र लिहून डी सिकाला सुनावलं की तू देशाची वाईट सेवा केलीस, इटली म्हणजे हेच असा जगाचा समज होईल. घरची धुणी घरातच धुवावीत अशा अर्थाचं वाक्यही त्यांच्या नावावर सांगतात. धुणी चव्हाट्यावर आणू नका, आपल्याकडंही हे नेहमीचंच. पण मजा अशी की त्या सिनेमात धुण्याचं काही नाहीच. त्यात फक्त एक म्हातारा आहे जो भीक मागायला हात पुढं करतो आणि कुणी पैसे टाकायच्या आत तळवा उलटा करतो, पाऊस पडतोय का बघतोय असं दाखवत. तेवढंच. सरकारला तो तळवा सहन झाला नाही.

तो म्हातारा म्हणजे कार्लो बात्तिस्ती, तोही नट नव्हे. फ्लॉरेन्स युनिव्हर्सिटीतला भाषाशास्त्राचा प्रोफेसर, सत्तरीला टेकलेला, त्याच सुमारास इटालियन भाषेचा पाच खंडांचा व्युत्पत्तिकोश करत होता. प्रत्येक शब्द कुठून आला ते शोधणाऱ्या माणसाला डी सिकानं असं काम दिलं ज्यात मदतीचा एक शब्द तोंडातून निघत नाही. आणि सिनेमा अर्पण केलाय स्वतःच्या वडिलांना. त्यांचं नाव उंबेर्तो. बँकेतले क्लार्क.

माझे बाबाही बँकेतले, त्यामुळे असेल. बाबांना जागतिक सिनेमाबिनेमा काही नव्हतं, त्यांचा सिनेमा 'दो बिघा जमीन', बलराज साहनी हातरिक्षा ओढतो तो भाग आला की चष्मा पुसायचे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल झाला, तिथं बिमल रॉयनी 'बायसिकल थीव्ज' बघितला आणि त्यातून तो सिनेमा निघाला, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपण आधीच ओळखतो की त्याला." पुढं निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचे, म्हणजे मी जिवंत आहे असं लिहून द्यायला, आणि त्यासाठी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशाला पेन. जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा तर नीटच द्यावा असं असेल काहीतरी. शेवटच्या दोन-तीन वर्षांत हात कापायचा, सही जुळायची नाही, काउंटरवरची मुलगी म्हणायची काका परत करा. एकदा मी स्कूटर लावून आत येत होते, तर बाबा भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेले, मांडीवर डिपॉझिट स्लिप उलटी ठेवून तिच्या कोऱ्या बाजूवर सही गिरवत होते. एकाखाली एक. सहा, सात, आठ. शाळेतल्या पोरासारखी जीभ किंचित बाहेर. ज्या माणसानं छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या.

मी पुढं गेले नाही. काचेच्या दाराबाहेर उभी राहून बघत राहिले, त्यांनी ती स्लिप चार घड्या करून खिशात ठेवेपर्यंत. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून. आता सांगता येत नाही. त्यांना ओशाळं वाटू नये हे होतंच, पण मला ते बघायचंही होतं. डोळे भरून आले होते आणि त्या डोळे भरून येण्यात कुठंतरी, कसं लिहू हे, एक सुख होतं. बाबांना त्याचा काय उपयोग? त्यांना कुणीतरी जाऊन "चला, मी सांगते साहेबांना" म्हणायला हवं होतं.

डी सिकाला हे कळत होतं असं मला वाटतं. 'उंबेर्तो डी'मध्ये म्हाताऱ्याला सगळ्यात आपुलकीनं वागवणारी एकटी मारियाच आहे, आणि तिला तो काय मदत करतो? ती पोटुशी असल्याचं सांगते तेव्हा बिचारा दोन शब्द बोलतो आणि मग त्याचं ध्यान परत स्वतःच्या भाड्यावर. वाईट माणूस नाहीये तो. त्याचं लक्ष नाही एवढंच. सिनेमाभर दोन दुःखी माणसं एका घरात समोरासमोर आहेत आणि एकमेकांकडं अर्धवटच बघतात. पूर्ण बघणारे आपण, अंधारात, पाय पसरून. शेवटी म्हातारा कुत्र्याला कवटाळून रेल्वेच्या रुळांपाशी जातो, कुत्रं घाबरून निसटतं, आणि मग त्याला परत जवळ घ्यायला म्हातारा पाइनचं फळ दाखवत त्याच्याशी खेळायला लागतो, खेळत खेळत दोघं झाडांमधून लांब जातात, कॅमेरा त्यांच्यामागं जात नाही, जिथल्या तिथं थांबतो, आणि कुठूनशी पोरं पळत येऊन फ्रेम भरून टाकतात. संध्याकाळी त्याच्याकडं झोपायला जागा नाही, ते आपल्याला माहीत आहे. आपण उठतो आणि पार्किंगमध्ये गाडी शोधतो.

नंतरचा डी सिका मी फारसा बघत नाही. सोफिया लॉरेनला 'टू विमेन'साठी ऑस्कर मिळालं, त्यालाही पुढं आणखी दोन मिळाली, मास्त्रोयानीबरोबरच्या कॉमेड्या छान आहेत, रविवारी दुपारी लावाव्यात अशा. मारियाचं काम करणारी मारिया पिआ कासिलिओ, ती सोळा वर्षांची पोरगी, पुढं खूप सिनेमांत दिसली, एका गाजलेल्या कॉमेडीत तर तीही आहे आणि फौजदाराच्या वेषात मिशीला पीळ देणारा डी सिकाही, दोघं मजेत आहेत. तिला तसं बघून मला फार बरं वाटलं होतं. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर तो पॅरिसजवळ गेला. 'उंबेर्तो डी' हाच आपला सगळ्यात आवडता सिनेमा असं तो शेवटपर्यंत सांगायचा.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ती पोळ्या लाटत होती आणि मी फोनवर तो सीन काढला. का काढला ते विचारू नका, कबुली द्यायची होती आणि सरळ तोंडानं येत नव्हती. म्हटलं, "ए, हे बघ जरा." तिनं पिठाचे हात वर धरून मान वाकडी करून बघितलं. मांजर, काडी, मुंग्या. पाणी सोडल्यावर म्हणाली, "पाण्यानं काय नाही होत. तास-दीड तासानं परत येतात. लक्ष्मणरेखा ओढायला पाहिजे." मग पाय लांब करून दार लावणं आलं, तिथं ती काही बोलली नाही. मग डोळे पुसणं आलं. "हिला काय झालं?" मी सांगितलं. "हं," म्हणाली. "कुठलं आहे?" "रोमचं. सत्तर वर्षं झाली." "जुनंच दिसतंय," म्हणाली आणि पोळी उलटली.

मी म्हटलं, "त्या दिवशी दूध उतू गेलं ना पावसात, मला दिसत होतं गं. मी दारातच होते. हाक मारायला हवी होती."

"माहितीये की," ती म्हणाली. "फटीतून गाऊन दिसत होता तुमचा. म्हणून तर बसून राहिले. म्हटलं काकू उभ्यात, त्यांचं लक्ष आहे दुधाकडं."

तवा धुरायला लागला होता, तिनं गॅस बारीक केला आणि पुढचा उंडा घेतला. मी फ्रिजवरच्या यादीत लक्ष्मणरेखा लिहिलं. मग खोडून दोन लक्ष्मणरेखा लिहिलं, एक तिच्या घरी न्यायला.